आत्याच्या मोरीतलं फूल

आत्याच्या मोरीत फूल उमललं त्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पाण्याची टाकी उघडून पाहिली. त्यांना वाटलं, आत उंदीर मरून पडलाय. वास होताच तसा. आत्या मात्र बादलीपुढे पाटावर बसून त्या हातभर उंच, जांभळट, लिबलिबीत प्रकाराकडे टक लावून बघत होती. आतोबांकडे तिनं लग्नातसुद्धा तसं बघितलं नसेल. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच राहायचे. त्या दिवशी घरात कुणीच आंघोळ केली नाही, आणि वासात त्यानं काहीच फरक पडला नाही.

असल्या घाणेरड्या कंदफुलांवर आत्याच्या आधी आमच्याकडे कुणी धड काम केलं नव्हतं. आधीचे विद्वान कुणीतरी दाबून वाळवून आणलेलं फूल टेबलावर घ्यायचे आणि वर्णन लिहायचे. मांसल फूल वाळलं की जुन्या चपलेच्या तळासारखं दिसतं, आणि त्यांची वर्णनंही तशीच असायची. आत्यानं ठरवलं, जिवंत बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. ती भर पावसात रानात शिरायची, कंद खणून घरी आणायची, वाढवायची आणि कुठली माशी कधी आत शिरते ते बघत बसायची. ती नोकरी करायची त्या संस्थेच्या बागेत तिथल्या मुख्य साहेबांनी गुलाब लावले होते, त्यामुळे तिची प्रयोगशाळा म्हणजे आमची मोरी. आज सगळे तिच्याच पद्धतीनं काम करतात. मोरीचा उल्लेख कुणी करत नाही.

नवी वनस्पती सापडली की तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. स्वतःचं नाव द्यायचं नाही, तो निर्लज्जपणा समजतात. दुसऱ्या कुणाचंही चालतं, आणि एकदा छापून आलं की मन बदललं म्हणून ते बदलता येत नाही. आत्यानं जीप ढकलणाऱ्या ड्रायव्हरला एक वनस्पती दिली. जळवांनी फोडलेले तिचे पाय बघून हसलेल्या डॉक्टरलाही एक दिली, ती खाजरी होती. आतोबांना मात्र काही नाही. ते पेशानं टायपिस्ट. तिचा प्रत्येक लेख त्यांनीच टाइप केला, तिच्या मोज्यांतल्या जळवा वेचल्या, झाडं दाबायचे ओले कागद इस्त्रीनं वाळवले. घरच्या माणसाचं नाव दिलं तर लोक हसतील, असं आत्या म्हणायची, आणि आतोबाही हसायचे. पण तिचा लेख छापलेल्या शोधपत्रिकेचा नवा अंक आला की ते आधी नाव कुणाचं दिलंय ती ओळ बोटानं शोधायचे. मी बघितलंय.

मोरीत ते अजून नाव नसलेलं फूल उमललं, ते तिच्या निवृत्तीचं वर्ष होतं. संस्थेतल्या कपाटांत तिची आयुष्यभराची वाळवलेली झाडं, आणि त्या कपाटांशेजारी तिचं टेबल. निवृत्त माणसाला तिथं साहेबांच्या मर्जीशिवाय पाऊल ठेवता येत नसे. टेबल गेलं तर आत्याचं काय होईल, याची चुणूक आम्हाला एका सुट्टीत मिळाली होती. तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे वनस्पतींच्या कुळांप्रमाणे लावले आणि मीठ कुणालाच सापडेना. मीठ म्हणे कुठल्याच कुळात बसत नव्हतं.

साहेबांचं वनस्पतिशास्त्र गुलाबाच्या खतापाशी संपत असे, पण अमर व्हायची हौस दांडगी. एका दुपारी त्यांनी घरी फोन केला. आत्या बाहेर होती, म्हणून त्यांनी आतोबांनाच आडपडदा न ठेवता सांगितलं: मोरीतल्या नव्या फुलाला माझं नाव, तिला टेबल कायमचं. आतोबांनी निरोप जसाच्या तसा दिला. आत्यानं नुसतं हं केलं.

मग तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. लेख तिनं आधीच हातानं लिहून ठेवला होता. आतोबांनी तो टाइप केला, छपाईची प्रूफंही त्यांनीच तपासली आणि परत पाठवली. डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली आत्या त्या दिवसांत उगाचच हसायची. आम्हाला वाटलं, औषधामुळे असेल.

अंक आला तेव्हा तिनं नवा चष्मा लावून पान उघडलं. फुलाला साहेबांचं नाव होतं.

"मी काय लिहिलं होतं?" तिनं आतोबांना विचारलं.

"माझं नाव."

"मग?"

"तुला टेबल पाहिजे होतं."

"अहो, मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन तोंडावर सांगून आले होते. म्हटलं, वास तुम्हाला शोभतो, पण नाव माझ्या नवऱ्याचं. टेबलावर तुम्ही गुलाब लावा."

"हे तू मला कुठे सांगितलंस?"

"टाइप करतानाच तुम्हाला कळावं, म्हणून आधी नाही सांगितलं."

साहेबांना यातलं काहीच उमगलं नाही. शिव्या घालून गेलेली बाई आपल्याला अमर करते, म्हणजे तो तिचा आदर दाखवायचा तऱ्हेवाईकपणा असणार, असं त्यांनी धरलं. ते पान चौकटीत लावलं आणि आत्याला खिडकीजवळची जागा दिली. आत्या जाईना. घरात बसून राहिली, आतोबांशी अवाक्षर बोलेना. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही कीव येत होती. शेवटी एका सकाळी आतोबांनी तिची पिशवी भरून दाराशी ठेवली.

"लोक म्हणतील, टेबलासाठी नाव विकलं," आत्या म्हणाली.

"म्हणू दे. तुला घरी बसलेली बघणं मला नाही जमणार."

"इतकी वर्षं तुम्हाला काही दिलं नाही, कारण सापडलेलं एकही फूल मला पुरेसं चांगलं वाटलं नाही. हे मिळालं तेव्हा कळलं, हे तुमचं. आता माझे गुडघे गेले. दुसरं कुठून आणू?"

आतोबा पिशवीची चेन उगाच मागेपुढे करत राहिले.

"तुझ्या अक्षरात वाचलं ना मी," ते म्हणाले. "मशीनला हात लावायच्या आधी कितीतरी वेळ बघत बसलो होतो."

आत्या रडली. मग चपला घालून कामावर गेली.