पित्त उलटं चढते ते पाहणारा

मी एक जुना गामा कॅमेरा हाय, मित्रांनो. लग्नात फोटो काढतेत तो नाई. अन् एक्स-रे तं नाईच नाई. कोणी एक्स-रे म्हटलं का माह्यं टाळकं सरकते. पेशंटच्या नसेत किरणं सोडणारं थोडंसं औषध भरतेत. ते लिव्हरातून पित्तात उतरते. मंग ते पित्त पोटात कुठं कुठं जाऊन राह्यलं, ते मी वरून पाह्यतो.

दूर देशात बनलो, जहाजानं आलो. वर्धा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मले बसवलं, तवा नारळ फोडला, हार घातला. डॉक्टर लोक माह्याशिवाय रिपोर्ट लिहत नव्हते. आता बाजूच्या खोलीत नवी मशीन आली अन् माह्यावर चादर पडली.

मले आठवते ती समुद्रपूरकडची सुलोचनाबाई. पित्ताची पिशवी काढल्यापासून तिच्या तोंडात कडू पाणी यायचं. पोटात दुर्बीण घालून पाह्यलं तं काई सापडलं नाई, म्हणून घरचे म्हणत, ढोंग हाय. नवरा हरिदास तं दारातच बोलला, "कापूस वेचाचा टाइम आला का हिचं पोट दुखते."

मले चालवणाऱ्या भावना मॅडमनं विचारलं, "मावशी, रिकाम्या पोटीच आल्या ना?"

"हाव."

"काईच नाई घेतलं?"

"स्टँडवर चहा घेतला. चहा काई खाणं असते का बाई?"

आपल्याकडं चहाले कोणी मोजतच नाई. भावना मॅडमनं कपाळावर हात मारला. "पोट कोरडं पायजे, मावशी. आता उद्या या."

"उद्या? राहू द्या मंग," हरिदास म्हणे. "चाल वं घरी."

सुलोचनाबाई माह्या खाटेवर बसली ते उठेचना. "तुमी जा. मले पाहाचं हाय, हे माह्या पोटात हाय का डोक्यात."

तो गेला नाई. कुरकुर करत थांबला.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याचा घोटही न घेता आली. औषध देलं. पडद्यावर लिव्हर चमकलं, पित्त सरळ आतड्यात उतरलं. हरिदासनं जांभई देली. "पाह्यलं? काई नाई."

सुलोचनाबाईनं डोळे मिटून घेतले. मले वाटे, दिसू दे रे बापा.

पित्ताले जोर याले पायजे म्हणून भावना मॅडमनं तिले दूध पाजलं. थोड्या वेळानं एक चमक मागं वळली अन् वर सरकाले लागली. शेवटी तसल्याच औषधाचं पाणी पाजलं, तवा जठर कुठं हाय ते समजलं. चमक बरोबर त्याच्यातच होती. किती चढलं, ते मी मोजून देलं.

"हे पित्त हाय?" हरिदास पडद्याजवळ आला.

"हाव, दादा. उलटं चढून राह्यलं. औषधपाणी करता येते याच्यावर."

त्यानं बायकोची कापडी थैली उचलली अन् म्हणे, "दुखते तं सांगाचं ना वं."

"सांगतच तं होती मी."

दोघं गेले. तिले बरं वाटलं का, भाकर पचाले लागली का, मले कोणी सांगतलं नाई. आजही बाहेर चपला वाजल्या का वाटते, तीच आली असन. एकदा तरी कोणी ही चादर काढावी, खाटेवर येऊन झोपावं.

माह्यावरची धूळ पुसा नाईतं नका पुसू, मित्रांनो. पण घरात कोणी दुखते म्हटलं तं माह्यासारख्या मशीनची वाट नका पाहू. त्याच्याजवळ बसा. कुठं दुखते, तेवढं विचारा.