सूतभरने मोजून आणलेली एसएसडी

त्याला सगळे सूतभर म्हणायचे. वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म गेला, आणि कुठलाही पार्ट हातात आला की हा म्हणणार, "सूतभर जास्त आहे." लोक हसायचे, मोजायचे, आणि गप बसायचे. म्हातारा रिटायर झाला, पण खिशातला बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काही रिटायर झाला नाही. घरात नवं झाकण आलं तरी आधी डब्याचं तोंड मोजणार.

सुनेचा लॅपटॉप मेला तेव्हा दुरुस्तीवाल्याने हात वर केले. म्हणाला, आतून सगळं चिकटवलेलं आहे, उघडायला गेलो तर तुटेल. सूतभर भडकला. "जी वस्तू उघडत नाही ती आपली कसली?" मग सुनेने आपल्या हाताने जोडायचा लॅपटॉप मागवला. खोक्यात सांगाडा, पडदा, बॅटरी, रॅम, वर एक छोटा स्क्रूड्रायव्हरसुद्धा. एसएसडी तेवढी आपली आपण बघून आणायची. एसएसडी म्हणजे बोटाएवढी पट्टी, पण सगळं काम साठतं तिच्यातच. ती नसली तर बाकीचं नुसतं दप्तर.

आणि घाई होती. सून घरांचे नकाशे काढायची. पोर झालं, नोकरी सुटली, दोन वर्षं गेली. आता एका ऑफिसने सांगितलं होतं, सोमवारी दुपारपर्यंत एक नकाशा करून पाठवा, आवडला तर घरबसल्या कायमचं काम. आज शनिवार. पोराला दात येत होते, अंगात कणकण, आईला सोडायला तयार नाही.

"बाबा, कुठली आणायची ते कागदावर लिहून देते," सून म्हणाली.

"लिहून कशाला? मोजून आणतो."

म्हाताऱ्याच्या मनात वेगळंच होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर या पोरीने दिवसातून चारदा डोळ्यात थेंब घातले होते. कडेवर मूल, एका हातात बाटली. त्याने एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. आभार मानायचे म्हणजे दाढ उपटून घेतल्यासारखं वाटायचं त्याला. म्हणून ही पट्टी आपण आणायची, आपल्या पैशाने, आपल्या अकलेने.

त्याने सांगाड्यातल्या पट्टीच्या जागेला व्हर्नियर लावला. रुंदी बावीस मिलिमीटर, लांबी ऐंशी. बसायची जागा किती खोल तेही मोजलं. आणि निघाला.

दुकानातल्या ताईने विचारलं, "काका, एनव्हीएमई देऊ की साटा?"

"ताई, बावीस बाय ऐंशी दे. बाकीची बाराखडी मला नको."

"पण लॅपटॉप कुठला..."

"मी चाळीस वर्षं फिटिंग केलंय."

तिने पट्टी काढून दिली.

घरी आल्यावर पट्टी जागेवर अशी बसली की बघत राहावं. ना ढिली, ना घट्ट. स्क्रू आवळला, सुनेने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली की एसएसडी सापडत नाही. काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"अगं पण बसलीय तर पक्की!" सूतभर म्हणाला.

"बसलीय, बाबा. पण त्याला दिसत नाही."

त्याची बायको नातवाला थोपटत म्हणाली, "तुमच्यावर गेलीय. बसायची पक्की, उपयोग शून्य."

सून हसली नाही. रागावलीही नाही. तिने फक्त घड्याळाकडे पाहिलं. म्हाताऱ्याला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. उद्या रविवार, दुकान बंद. त्याने पट्टी पिशवीत घातली, चपला अडकवल्या आणि तसाच परत गेला.

काउंटरवर पाटी होती : उघडलेला माल परत घेतला जाणार नाही. सकाळी ती त्याला दिसली नव्हती. आता तिच्याशिवाय काही दिसेना.

"ताई, तू विचारलंस, मी ऐकलं नाही. चूक माझी. नवीन घेतो, पूर्ण पैसे देतो. फक्त नीट कुठली ते सांग. सुनेचं काम अडलंय."

ताईने दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. "तुम्ही नेलीत तिला दोन खाचा आहेत. ती साटा, जुन्या पद्धतीची. हिला एकच खाच, ही एनव्हीएमई. तुमच्या लॅपटॉपला हीच लागते. ती दुसरी त्या जागेत बसते, पण दोघांचं बोलणं होत नाही."

ती जास्तीची खाच सूतभरने पाहिली होती. मोजलीसुद्धा होती! फक्त ती का आहे, हे विचारलं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्याला वाटायचं, बसलं म्हणजे जमलं.

ताईने परत आलेली पट्टी भिंगाखाली धरली. टोकाच्या सोनेरी दातांवर बोटाचा डाग नाही, स्टिकरला सुरकुती नाही.

"काका, ही दोनदा लावली म्हणता? लोक माझ्याकडे ओरबाडून आणतात. तुम्ही हात कुठे लावलात?"

"कडेला. दातांना हात लावायचा नसतो. कुठल्याच."

ती हसली. "पाटी मीच लिहिलीय. आज मी ती वाचत नाही. ही ठेवून घेते, बदलून देते. आता एक सांगा, लॅपटॉपमध्ये पट्टीच्या खाली जागा किती आहे? काहींना दोन्ही बाजूंनी चिपा असतात, त्या जाड पडतात."

"एक मिलिमीटरला जरा कमी," म्हातारा पटकन म्हणाला.

"बघा! हे मी अर्धा तास शोधत बसले असते. मग एका बाजूला चिपा असलेलीच न्या." तिने लॅपटॉपचं नाव विचारलं, कंपनीची यादी पडद्यावर उघडली, त्याला बोट ठेवून ओळ दाखवली आणि मगच पट्टी हातात दिली.

संध्याकाळी लॅपटॉप सुरू झाला. रविवारभर बायकोने पोर सांभाळलं, सुनेने मान वर केली नाही. सोमवारी अकराला नकाशा गेला. चारला फोन आला. सून आतल्या खोलीतून धावत बाहेर आली.

"बाबा, काम मिळालं! तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे अर्धा शनिवार गेला," सूतभर म्हणाला. मग घसा खाकरला. "डोळ्यात थेंब घालायचीस, पोरी. ते... फार झालं तुझं. म्हणायचं राहिलं होतं."

सुनेने सरळ वाकून त्याचा हात हातात घेतला. बायको म्हणाली, "कुणीतरी डॉक्टरला फोन करा, यांना बरं नाही."

म्हाताऱ्याने फोन खरंच केला, पण दुकानात. बिलावर नंबर होता.

"ताई, शनिवारी दोन खाचांची परत आणली होती, तो मी."

"हां काका, बोला. काय बिघडलं? थांबा, पेन घेते."

"बिघडलं काही नाही. सुनेला काम मिळालं. आभार मानायला फोन केला."

"काका, असा फोन मला कधी आलाच नाही हो. मी तक्रारवही उघडून बसले."

"उघडलीच आहे तर लिही," सूतभर म्हणाला. "एक म्हातारा आभारी आहे म्हणून लिही. उद्या येऊन सही करतो."