सोळा इंचांची रिंग

मित्रांनो, मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे. भुकूमला बुद्धविहाराच्या मागं जे मोकळं अंगण आहे, तिथल्या लोखंडी खांबावर मी तेरा वर्षं लटकते आहे. आज मला कापणार आहेत. वस्तीतल्या प्रदीपनं शिडी लावली आहे, विहारातून वायर ओढून कटर जोडला आहे. म्हणजे मला वेळ थोडा आहे. ऐकायचं तर नीट ऐका, मध्येच खुसखुसू नका. आणि "बिचारी रिंग" म्हणून डोळे पुसायला लागू नका. मला वाचवा असं सांगायला मी तोंड उघडलेलं नाही.

मला कोंडीरामनं बनवलं. तो खिडक्यांची ग्रिलं आणि फाटकं बनवायचा. भुकुमात ज्या नव्या इमारती झाल्या, त्यातली निम्मी माणसं त्याच्या ग्रिलाआड झोपतात. त्याची मुलगी प्रियदर्शिनी, घरातली दर्शू, तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं शाळेत कुठल्या तरी टीव्हीवर बास्केटबॉल पाहिला आणि हट्ट धरला. कोंडीरामनं उरलेली सळई घेतली. ती वाकवायला काहीतरी गोल हवं होतं. पिंप मोठं, बादली लहान. भिंतीला त्याच्या बायकोचं, प्रभावतीबाईचं, घमेलं पालथं टेकवलेलं होतं. ती स्लॅबच्या कामावर जायची. त्यानं ते घमेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर ठोकून ठोकून मला गोल केलं. घमेल्याच्या काठाला एक मोठा पोचा आला.

प्रभावतीबाई बाहेर आली ती भांडतच.

"आवं, माजं घमेलं हाय ते! उद्या डोक्यावर काय तुमची ती रिंग घिऊन जाऊ कामाला?"

"बॉल आत जातोय का न्हाई, तेवढं बघ."

"जातोय की. आन् माजं घमेलं गेलं कामातनं."

बॉल जात होता, तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. रिंगचं तोंड केवढं असावं हे कुणी विचारलंच नाही. गंमत अशी की उंची मात्र कोंडीरामनं टेपनं मोजली, बरोबर दहा फूट, सूतभर इकडं तिकडं नाही. स्लॅबखाली लावतात त्या सेंट्रिंगच्या फळीचा बोर्ड केला, त्याला मला जोडलं, आणि मी वर चढले. एकदा दहा फुटांवर चढलेल्याचं तोंड दोन इंचांनी लहान आहे हे खालून कुणाला दिसतं? मलाही ठाऊक नव्हतं. मी आपली थाटात.

माझा मान वाढला तो अशानंच. बावधनहून, भुकूमच्या सोसायट्यांतून पोरं यायची. पायात भारी बूट, मनगटाला पट्टे. लांबून ऐटीत बॉल टाकायची. मी तोंड फिरवायचे आणि बॉल थुंकून टाकायचे. पोरं म्हणायची, भुकूमची रिंग लई कडक आहे. ते ऐकून मी फुगायचे. गंजले होते, पण फुगायचे.

आमच्या वस्तीच्या पोरांना मात्र लवकर कळलं, हिच्यात लांबून बॉल जात नाही. मग त्यांनी दुसरी रीत काढली. ती दर्शूनं काढली, आणि शिकली ती आईच्या कामावर. स्लॅबच्या दिवशी बाया ओळीनं उभ्या राहतात आणि मालाचं, म्हणजे कालवलेल्या काँक्रीटचं, घमेलं हातोहात वर जातं. कुणी फेकत नाही, कुणी धरून बसत नाही. पुढच्या बाईचं तोंड बघायचं नसतं, तिचा हात कुठं येणार हे अंगाला ठाऊक असतं. दर्शू डबा घेऊन जायची आणि बघत बसायची. अंगणात येऊन पोरांवर ओरडायची, "बॉल हातात थांबवू नगा, माल बसंल!" या हातातून त्या हातात, त्यातून तिसऱ्या, आणि बॉल थेट माझ्या खाली. मग हलकेच वर. तसा आला की मी गुमान गिळायचे.

आता माझं पाप ऐका.

मला चार वर्षं झाली असतील. कोंडीराम बावधनच्या एका सोसायटीत फाटक बसवायला गेला. तिथं खरी रिंग होती. मोजायची सवयच त्याला, त्यानं टेप लावला. अठरा इंच. त्या दिवशी घरी आला तो हातपाय न धुता शिडी घेऊन माझ्यापाशी. मला टेप लावला. सोळा. परत लावला. सोळाच. त्यानं ग्रिलला मारायचा लाल रंग आणला आणि बोर्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं, "१८ पाहिजे. कापायची." मग माझ्यावर थाप मारून म्हणाला, "ऐतवारी बघू तुज्याकडं."

मित्रांनो, मी घाबरले. मनातल्या मनात म्हटलं, हा विसरू दे. याचा रविवार न येऊ दे.

त्याच आठवड्यात त्याला कावीळ झाली. बाराव्या दिवशी तो गेला. त्याचा रविवार आलाच नाही. असलं काही मनात कुणी आणू नये. बोर्डाची मागची बाजू कुंपणाच्या भिंतीकडं. ती लाल अक्षरं तिथंच राहिली, आणि ती ठाऊक असलेली मी एकटीच उरले. मला तोंड केवढं आहे तुम्ही बघताच, पण त्यातून शब्द फुटत नाही.

दर्शू वाढली. तालुका खेळली, जिल्हा खेळली, राज्य खेळली. बाविसाव्या वर्षी तिला एका व्यावसायिक संघानं घेतलं, 'मावळ तोफा'. नावाप्रमाणेच खेळ. पाचही जणी रिंगपासून लांब, मैदानावर आखलेल्या कमानीवर पसरून उभ्या राहायच्या आणि तिथून डागायच्या. लांबून गेला की तीन गुण, जवळून गेला की दोन. दहांतले चार गेले तरी त्यांचं भागतं. कोच साधना मॅडम तेच सांगायच्या, मोकळी दिसलीस की टाक, विचार करू नकोस.

आणि उपांत्य फेरीत समोर आला 'कृष्णाकाठ'चा संघ. त्यांची रीत उलटी. घाई नाही, लांबून टाकणं नाही. या हातातून त्या हातात, रिंगच्या खाली माणूस मोकळा होईपर्यंत बॉल फिरत राहणार. प्रदीप टीव्ही आणून विहाराच्या ओट्यावर ठेवायचा, त्यामुळं मलाही दिसायचं. प्रभावतीबाई बघून म्हणाली, "अगं, ही तर आमची स्लॅबची लाईन! आन् आमची पोरगी तितं कोपऱ्यात काय करतीया, तोफेच्या बाजूला?"

खरंच, दर्शू कोपऱ्यात उभी असायची. बॉल आला की पुढं देऊन टाकायची. कृष्णाकाठच्या पोरींनी एका सामन्यात ओळखलं, ही टाकत नाही. दुसऱ्या सामन्यात त्यांनी तिला सरळ मोकळीच सोडली आणि दोघी दोघी मिळून तोफांच्या मोठ्या खेळाडूवर गेल्या. पहिला सामना तोफांनी जिंकला होता, दुसरा हरल्या. तिसरा रविवारी. जो जिंकेल तो पुढं, हरेल तो घरी.

मॅडमनी दर्शूला बाजूला घेऊन सांगितलं, "सरावात तुझे जातात. सामन्यात का टाकत नाहीस? रविवारी मोकळी असून टाकला नाहीस, तर बाकावर बसशील. आणि पुढच्या वर्षी यादीत नाव नसेल."

शुक्रवारी ती घरी आली ती थेट माझ्याखाली. बॅग विहाराच्या पायरीवर टाकली आणि लांबून टाकायला लागली. शंभर मोजून टाकले. मी ओरडत होते, पोरी, इथं नको, दुसरीकडं जा, मी खोटी आहे. लोखंडाचं ओरडणं म्हणजे नुसतं ठण्ण. बॉल आदळायचा, ठण्ण. बाहेर. परत ठण्ण. शंभरात एकोणीस गेले.

प्रभावतीबाई अंगण झाडत होती. तेच पोचा आलेलं घमेलं आता कचऱ्याला होतं.

"किती गेलं?"

"एकुनीस."

"आन् तितं सरावात?"

"चाळीसच्या वर जातात. पण ते फुकटचं हाय, आई. तितल्या रिंगा सोप्या असतात, लाईट असते. खरा हात हितं कळतो. बाबांच्या रिंगवर." तिनं बॉल उचलला. "माज्या हातातच खोट हाय. मी उद्या मॅडमला फोन करते. मला काढा म्हनते."

"कर की. आन् त्यांनी इचारलं का, तर सांग, माजी आय भित्री हुती, तिच्यावर गेले."

"तू कुटं भित्रीयस?"

"मंग तू कुनावर गेलीस?"

दर्शूनं रागानं शेवटचा बॉल टाकला, तो माझ्या आणि बोर्डाच्या बेचक्यात घट्ट अडकला. प्रभावतीबाई पुटपुटत शिडी घेऊन आली. कचरा ओतून घमेलं तसंच हातात घेऊन चढली. हात पुरेना, म्हणून तिनं घमेल्यानं बॉल ढकलला. बॉल खाली गेला, हातातून घमेलं निसटलं आणि माझ्या तोंडात झाकणासारखं बसलं. काठाचा पोचा माझ्या एका वाकणात अस्सा बसला की केस जाऊ नये.

बाईनं शिडीवरूनच तो पोचा बोटानं चाचपला.

"दर्शे, ही माज्या घमेल्याची हाय. तुज्या बापानं ह्याच्यावरच ठोकली हुती."

"मंग काय झालं?"

"काय झालं म्हंजे? घमेल्याएवडी आसती व्हय रिंग?" तिनं घमेलं काढायला मान पलीकडं घातली, आणि तिला बोर्डाची पाठ दिसली. ती दोन वर्ग शिकलेली, पण नवऱ्याचं अक्षर ओळखायला शाळा लागत नाही. "हितं तुज्या बापानं लिवलंय काय तरी. मला अठरा तेवढं कळतंय. ये, वाच."

दर्शू चढली. वाचलं. खाली उतरून घरात गेली, बापाच्या पेटीतला टेप घेऊन आली. मला लावला. सोळा.

मला वाटलं, ती आनंदानं नाचेल. नाही नाचली. खांबाला डोकं टेकून उभी राहिली. "तेरा वर्सं, आई. तेरा वर्सं मी सवताला म्हनत आले, दर्शू, तुला लांबून जमत न्हाई." आणि तिनं मला मूठ मारली. बोटं सोलली तिची. मारू दे म्हटलं. तेवढं कमीच होतं.

प्रभावतीबाईनं जवळबिवळ घेतलं नाही. "रड. च्या हुईस्तवर रड. मंग उठ."

रविवारी सगळी वस्ती ओट्यासमोर. दर्शूला परत मोकळी सोडली होती. बॉल आला, तिनं टाकला. बाहेर. दुसरा टाकला. बाहेर. कुणीतरी म्हणालं, आता बसवतील बाकावर. प्रभावतीबाई टीव्हीवरच खेकसली, "टाक गं! अठराची हाय ती!" तिसरा गेला. चौथा गेला. मग कृष्णाकाठची पोरगी धावत तिच्या अंगावर आली, आणि त्याच क्षणी दर्शूनं न बघता बॉल आत दिला, स्लॅबच्या लाईनीत देतात तसा. तोफांना आत जायची वाट पहिल्यांदाच सापडली होती. पण कृष्णाकाठवाल्या हटल्या नाहीत. त्यांचं आपलं हातोहात, हातोहात, दोन गुण, परत दोन गुण.

नऊ सेकंद उरले, तोफा एका गुणानं मागं. मोठ्या खेळाडूवर दोघी धावल्या. तिनं बॉल कोपऱ्यात दिला. दर्शूनं टाकला.

बॉल त्या खऱ्या रिंगवर बसला, दीड वेढा फिरला आणि बाहेर पडला. वेळ संपली, तोफा घरी.

ओट्यावर प्रदीपनं टीव्ही बंद केला.

आज सकाळी ती नवी रिंग घेऊन आली. लोक जमले, म्हणाले, नशीब गं, थोडक्यात गेला. दर्शू म्हणाली, "नशीब न्हाई. चुकला. पर हा माजा चुकला." आणि मग हळूच आईला, "मॅडम म्हनल्या, जूनमध्ये ये, कोपरा तुजाच हाय."

"कोपराच का? मदली जागा कुनाच्या बापाची हाय का?" आई म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

तर मित्रांनो, माझं मागणं हे. मला जपू नका, रंग देऊ नका, कोंडीरामची आठवण म्हणून टांगून ठेवू नका. मला कापा. आणि तुमच्या अंगणात, तुमच्या वर्गात एखादं पोर परत परत चुकत असेल, तर त्याच्या हाताला नाव ठेवायच्या आधी शिडी लावा, वर चढा आणि जिच्यात त्याला बॉल टाकायला सांगता ती मोजा. आम्ही उंचावर बसलेल्या स्वतःहून कधी सांगत नाही.

प्रदीप वर चढलाय. "दर्शू, बाबांची हाय. खात्री हाय ना?"

दर्शू खाली नवी रिंग टेपनं मोजते आहे, तिसऱ्यांदा. "अठरा. काप."

कटर सुरू झाला. ठिणग्या उडताहेत. दुखतंय, खोटं कशाला बोलू. खाली प्रभावतीबाई ते पोचा आलेलं घमेलं दोन्ही हातांनी वर धरून उभी आहे.

"सोड रं बिनघोर," ती म्हणते आहे. "माज्या मापाची हाय ती."