चॅसीची जाडी

ट्रकला सहा टायर होते, त्यांतल्या चारांत हवा होती. पुढचे दिवे दोन, काच एकालाच. हौद्याच्या बावीस फळ्यांपैकी सतरा शाबूत, तीन कुजलेल्या, दोन गायब. फिटनेसचा कागद संपल्यापासून, म्हणजे चौदा महिने, गाडी मुरूडच्या कोळीवाड्यात माडांखाली उभी होती.

भिकूला ती होती तशी दुरुस्त करून पुन्हा मासळीला लावायची होती. दर्या सोडल्यापासून एकोणीस वर्षं त्याने ह्याच गाडीतून बर्फातली मासळी माणगावला पोचवली होती. चौदा महिने घरी बसून तो पार कावला होता. दिवसातून सात-आठ वेळा उगाच अंगणात जायचा, केबिनचं दार उघडायचा आणि परत लावायचा. भावेशला, त्याच्या मुलाला, हौदा काढून नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खाण्याची गाडी उभी करायची होती. आणि जुन्या गाड्या खोलून सुटे भाग विकणारा माणगावचा बाळाजी रोज सकाळी फोन करून विचारत होता, "भिकूशेठ, येऊ का मग?"

घरातल्या रोजच्या वादाला कंटाळून भिकूच्या धाकट्या लेकीने, रचनाने, सदा मिस्त्रीला गाठलं. फिजिक्स घेऊन ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती, आकडा नसलेलं भांडण तिला सहन होत नसे. सदाने सरळ सांगितलं, "चॅसीचा, खालच्या सांगाड्याचा, पत्रा नवा असताना सहा मिलिमीटर. सगळीकडं चारच्या वर निघाला तर खुशाल माल भरा. तीन-चारच्या मधी असंल तर एका जागी उभी करून वडे तळा. तीनच्या खाली कुठं गेला तर मी ठिगळ लावनार न्हाय. घाटात मधोमध मोडंल. मग खोलायलाच द्या."

बाप-लेकांनी हे मान्य केलं. भिकू तर इतका निर्धास्त होता, की रविवारी अकरा वाजता त्याने बाळाजीलाच बोलावून घेतलं. "येऊ दे. डोळ्यांनी बघून रिकाम्या हातानं जाऊ दे."

रविवारी नऊ वाजता रचना व्हर्नियर कॅलिपर घेऊन गाडीखाली शिरली. गंज खरवडायचा, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, मग जाडी घ्यायची. पुढून सुरुवात केली. पाच पूर्णांक दोन. पाच पूर्णांक एक. पाच पूर्णांक तीन.

"बघ!" भिकू भावेशला म्हणाला. "लोखंड हाय. तुज्या वड्याच्या पुठ्ठ्यासारखं न्हाय."

"मागचं राहिलंय अजून, आबा. लगेच बर्फ नका मागवू."

मागच्या चाकांच्या वर चॅसीला दुसरी पट्टी वेल्ड करून तिची बंद पेटी केलेली होती. अशा पेटीला पाणी निघून जायला खालून भोकं ठेवतात. रचना पाठीवर सरकत दोनदा इकडून तिकडे गेली. भोकं दिसेनात. तिने ठोकून पाहिलं. पुढे खणखणत होतं, इथे ओल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच.

"आबा, ह्याची भोकं कुठायत?"

"बुजवली मी." भिकूच्या आवाजात अभिमान होता. "वेल्डिंगवाला दोन्ही बाजूंना एकेक ठेवून गेलता. येडाच तो. होडीला कोन भोक ठेवतं का? फळ्यांच्या सांध्यात ठोकतो तसा कापूस ठोकला, वरून राळ. दर साली नवा. थेंब शिरायचा न्हाय आत."

रचना गाडीखालून बाहेर आली. बसली, उठली, हातातला कॅलिपर उघडला, मिटला.

"काय झालं ग बाय?"

"आबा, होडीला पाणी खालून येतं. हिला वरून येत होतं. बर्फाचं, मासळीचं. फळ्यांतून गळायचं आणि बोल्टांच्या फटींतून पेटीत जायचं."

भिकू घरात गेला, सांध्यांतला जुना कापूस उकरायची आपली आकडी घेऊन आला आणि गुडघे करकरत असताना स्वतः गाडीखाली शिरला. डावीकडचा बोळा ओढताच तांबूस पाण्याची धार त्याच्या मनगटावर पडली. ती थांबेपर्यंत बराच वेळ गेला. त्याने बोट जिभेला लावलं.

"खारट," तो म्हणाला, आणि उजवीकडचा बोळाही ओढला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. बाळाजी आला होता, अर्धा तास लवकर. कुणी उठलं नाही.

"राहू दे ग रचना," भावेश अचानक म्हणाला. "बाकी सगळीकडं पाचच्या वर हाय ना? लिहून टाक पाच."

"गप रे," गाडीखालून भिकू म्हणाला. "ठरलं ते ठरलं. ये बाय. घाई करू नको, नीट घे."

रचना त्याच्या शेजारी आडवी झाली. कॅलिपरचा एक जबडा भोकातून आत घातला, दुसरा बाहेरून टेकवला. तिने कोपर जमिनीला लावलं. दोन्ही भोकांशी तीन-तीनदा मोजलं.

"वाच," भिकू म्हणाला.

"डावीकडे दोन पूर्णांक सात मिलिमीटर. उजवीकडे दोन पूर्णांक चार."