तासाला पंधराशे साठ

मिस ओडेसा फ्रेझर धक्क्यावर उतरल्या तेव्हा अकरा वाजले होते आणि मालाचा पडाव नुकताच नारळांची दुसरी खेप ओतून गेला होता. सिवचंद उघड्या अंगाने उभा होता. समोर जमिनीत रोवलेली टोकदार पहार, उजवीकडे नारळांचा ढीग, डावीकडे सोलून निघालेल्या सोडणांचा. नारळ उचलायचा, पहारेवर आपटायचा, मनगटाला एक पीळ, दुसरा पीळ, तिसरा, की सोललेला नारळ मागे. अकरा वर्षं तो हेच करत होता, आणि पोमरून नदीच्या दोन्ही काठांवर त्याच्याइतक्या झपाट्याने नारळ सोलणारा दुसरा कोणी नव्हता. निदान सिवचंदचं तरी तसं मत होतं.

"मी सांख्यिकी खात्याकडून आले," मिस ओडेसा म्हणाल्या. पायात शहरी बूट, हातात फॉर्मांचं जाड पाकीट. "खासगी मालकाकडे अंगमेहनत करणाऱ्यांना तासाला किती मजुरी मिळते, ते लिहून घ्यायचंय. या बागेतून तुमचं नाव निघालंय. सिवचंद ना तुम्ही?"

"नाव निघालं?" शेजारच्या पहारेवरून उलरिक ओरडला. उलरिक बेन हा सिवचंदचा जोडीदार. हातापेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं. "लॉटरी लागली रे भाई तुला! काय बक्षीस आहे, मिस?"

"बक्षीस काही नाही. फक्त प्रश्न आहेत."

"मग लागली ती सिवचंदलाच लागणार."

मिस ओडेसांनी एका उलट्या पेटाऱ्यावर बसून फॉर्म उघडला. तासाला किती, असं त्यांनी विचारलं. तासाला काही नाही, शेकड्याला पाचशे डॉलर, सिवचंदने सांगितलं. त्या म्हणाल्या, फॉर्मवर तासाचा रकाना आहे, नारळाचा नाही. तो म्हणाला, मग त्यात नारळाचं चित्र काढा.

"तासाला किती नारळ सोलता?"

"मोजले नाहीत कधी."

"मी सांगतो," उलरिक म्हणाला. "पन्नास. त्यातले दहा फुटके."

झालं. सिवचंदने कमरेचा पंचा घट्ट केला. "मिस, घड्याळ आहे ना हातात? बघा मग. आणि तू मोज रे, तोंडाळा. मोजता येत असेल तर."

त्या तासात सिवचंद जसा चालला तसा तो पूर्वी कधी चालला नव्हता. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला थांबला नाही. बाकीच्या दोघा सोलणाऱ्यांनी आपापलं काम थांबवलं आणि ते आरडाओरडा करत बघत बसले. शेवटी मिस ओडेसांनी हात वर केला तेव्हा तीनशे बारा नारळ मागे पडले होते. एकही फुटका नव्हता. त्यांनी कागदाच्या कडेला गुणाकार केला आणि भुवया उंचावल्या.

"तासाला पंधराशे साठ," त्या म्हणाल्या. "अहो, माझ्यापेक्षा जास्त आहे हे!"

सिवचंदला दम लागला होता, तरी तो हसला. सरकारी बाईपेक्षा जास्त! फॉर्मवर मालकाची सही लागत होती, पण हरिलाल अंकल बागेच्या पार मागच्या टोकाला गेले होते. म्हणून मिस ओडेसा उद्या सकाळी पुन्हा येते म्हणाल्या आणि निघून गेल्या. आपल्या पोटऱ्या थरथरताहेत आणि उरलेला दिवस काही फारसं होणार नाही, हे सिवचंदला त्या गेल्यावर जाणवलं. पण त्याने ते कोणाला कळू दिलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना तो वाटेत मासेवाल्याच्या होडीपाशी थांबला आणि त्याने सहा ताजे हस्सर घेतले. असा दिवस रोज येत नाही. बायकोच्या, द्रुपतीच्या हातचं हस्सरचं कालवण आणि गरम भात, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढे होतं.

पण उलरिकची होडी पुढे गेली होती. द्रुपती घरच्या धक्क्यावर भांडी घासत होती. तिला पाहून उलरिकने वल्हं थांबवलं आणि अर्ध्या नदीला ऐकू जाईल असं ओरडला, "भौजी! नवऱ्याला जपून ठेव! तासाला पंधराशे साठ कमावतो तो! सरकारी कागदावर लिहिलंय!"

सिवचंद पायऱ्या चढून वर आला तेव्हा चूल थंड होती. द्रुपती टेबलापाशी बसली होती. भिंतीवरचं कॅलेंडर तिने काढून उलटं ठेवलं होतं आणि पाठीमागे पेन्सिलीने आकडे मांडले होते. दर सोमवारी चॅरिटी गावच्या बाजारात ती मिरचीचा सॉस आणि आंब्याचं लोणचं विकायची. बाजारातल्या बायका हिशेब अडला की तिच्याकडे यायच्या.

"हस्सर आणलेत," सिवचंद म्हणाला.

"ठेव तिथे. सहाला कामावर जातोस, चारला सुटतोस. किती तास?"

"दहा."

"दहा तासांचे पंधरा हजार सहाशे. आठवड्याला सहा दिवस. त्र्याण्णव हजार सहाशे." तिने पेन्सिल खाली ठेवली. "माझ्या हातात देतोस तीस. बाकीचे त्रेसष्ट हजार सहाशे कुठे राहतात, सिवचंद? आणि ती दिसायला कशी आहे?"

"कोण ती?"

"तेच विचारतेय."

सिवचंद खाली बसला. त्याने शपथ घेतली. मग दुसरी घेतली. तो तास वेगळा होता, असा तास रोज नसतो, असं सांगू लागला. मग रोजचा कसा असतो, असं तिने विचारलं, तेव्हा त्याला नीट सांगता येईना. सहाला आपण जातो. चारला येतो. मधे हजार नारळ होतात. तीनशे बाराने तर हजार नारळ सव्वातीन तासांत व्हायला हवेत. एवढं जोरात नाही म्हटलं, तरी पाच तासांत. मग उरलेला दिवस जातो कुठे? हे त्याने आयुष्यात कधी स्वतःला विचारलं नव्हतं, आणि आता बायकोसमोर विचारताना तो अगदी चोरासारखा दिसत होता.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," द्रुपती म्हणाली. "बघतेच."

हस्सर तिने शिजवले, पण त्या दिवशी कालवणात मिरच्या जरा जास्तच पडल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला ती बागेत हजर होती. छत्री, डबा आणि उशाशी असायचं ते टकटक करणारं घड्याळ घेऊन. उलरिकने तिला पाहताच कपाळाला हात लावला. "भौजी, मी गंमत केली गं."

"तू गप. तुझ्याकडेही बघायचंय मला."

ती पेटाऱ्यावर बसली. सिवचंदने पहार पुसली. उलरिकने पहार पुसली. बाकीच्या दोघांनीही पुसल्या. मग चौघे जण सोडणांच्या ढिगाला टेकून उभे राहिले.

सव्वासहा झाले. साडेसहा झाले.

"चला की," द्रुपती म्हणाली. "सोला."

"काय सोलू? नारळ कुठायत?"

"कुठायत?"

सिवचंदने कालव्याकडे बोट दाखवलं. काढलेले नारळ मागच्या टोकाला पडले होते, दीड मैलावर. ते पडावातून आणायचे तर पडावाला इंजिन लागतं. इंजिन बागेत एकच.

"मग ते इंजिन कुठाय?"

"हरिलाल अंकल होडीला लावून घेऊन गेलेत. चॅरिटीला. येतील आता."

"रोज जातात?"

"रोज."

"कशाला?"

चौघेही एकमेकांकडे पाहू लागले. कशाला ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते असं विचारल्यावर सांगायचं म्हणजे जरा विचित्रच वाटत होतं. शेवटी उलरिक म्हणाला, "चहा प्यायला. तिथे ताजा पाव मिळतो."

द्रुपतीने घड्याळ गुडघ्यावर ठेवलं आणि ती मिनिटं मोजू लागली.

आठच्या सुमारास मिस ओडेसा प्रवासी होडीने आल्या. आज त्यांच्या पायात साध्या चपला होत्या. मालक नाहीत म्हटल्यावर त्याही एका पेटाऱ्यावर बसल्या. द्रुपतीने डबा उघडून त्यांना पुरी आणि बटाटा दिला, आणि पुरी संपायच्या आत तो पंधराशे साठचा रकाना चुकीचा कसा आहे हे त्यांना पटवून दिलं. मिस ओडेसांना वाईट वाटलं. "मी अकरा वाजता आले होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, दिवसभर असंच चालतं." त्यांनी तो आकडा खोडला आणि आज पूर्ण दिवस थांबायचं ठरवलं.

दहाला वीस मिनिटं कमी असताना इंजिनाचा आवाज आला. हरिलाल अंकल धक्क्यावर उतरले. माणूस गोल, हसरा, मनाने चांगला. सिवचंदच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या होडीतून वरात नेली होती. काखेत कागदात गुंडाळलेला लांब पाव होता.

"अरे, हे तर तेच!" मिस ओडेसा म्हणाल्या. "यांना मी सकाळी साडेसहाला चॅरिटीत पाहिलं. चहाच्या दुकानात गोष्टी सांगत होते. मला माहीत असतं तर तिथेच नसती का सही घेतली?"

हरिलाल अंकलनी सगळ्यांना नमस्कार केला, इंजिन पडावाला लावून दिलं आणि नारळ आणायला माणूस पाठवला. मग त्यांनी फॉर्म हातात घेतला. एका ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं: काम सुरू होण्यापूर्वी थांबण्याचा वेळ, तीन तास चाळीस मिनिटं. कारण, मालक चहाला.

"हे असं सरकारी कागदावर लिहितात?"

"कारण लिहावं लागतं, साहेब."

"पण हे तर बसून असतात! सावलीत! मी कधी बोललो का? आता बसण्याचेही पैसे द्यायचे?"

द्रुपती उठायला लागली, पण त्याआधीच सिवचंद बोलला. मालकापुढे तो अकरा वर्षांत फारसं बोलला नव्हता.

"अंकल, मी बसलो नव्हतो. थांबलो होतो. बसायचं असतं तर मी घरी बसलो असतो. जाळं टाकलं असतं, द्रुपतीचे आंबे चिरून दिले असते. तुम्ही सहाला या म्हणता म्हणून मी सहाला येतो."

हरिलाल अंकल त्याच्याकडे पाहत राहिले.

"बोलला नाहीस कधी," अंकल म्हणाले.

"मलाच कालपर्यंत कळलं नव्हतं."

अंकलनी पाव पेटाऱ्यावर ठेवला, टोपी काढली, टक्कल पुसलं. मग विचारलं, "किती म्हणतोस?"

"थांबण्याच्या तासाला चारशे," द्रुपती म्हणाली. तिचं उत्तर तयार होतं. "माणशी."

अंकल ओठ हलवत मोजू लागले. चार माणसं, साडेतीन तास. त्यांचे डोळे हळूहळू मोठे होत गेले आणि ते पेटाऱ्यावरच्या पावाकडे असे पाहू लागले, जणू तो त्यांनी आत्ताच पहिल्यांदा पाहिला. "साडेपाच हजारांचा पाव!" ते म्हणाले. "वर शंभर डॉलर! आणि आज जरा करपलेलाच दिलाय त्याने!"

आधी उलरिक हसला, मग मिस ओडेसा, मग सगळेच. अंकलही हसले, पण त्यांना थोडा वेळ लागला. पाव त्यांनी तिथेच मोडला आणि सगळ्यांना वाटला. करपलेला होता खरा, पण वाईट नव्हता.

त्या दिवशी मिस ओडेसा चारपर्यंत बसल्या. हजार नारळ झाले. तासाला पाचशे डॉलर, असं त्यांनी लिहिलं आणि अंकलनी मान खाली घालून सही केली. चहाची ओळ मात्र खोडा, अशी त्यांनी फार विनवणी केली. मिस ओडेसांनी 'चहाला' खोडून 'वैयक्तिक कामाला' असं लिहिलं.

पुढच्या सोमवारपासून अंकल प्रवासी होडीने चॅरिटीला जाऊ लागले आणि इंजिन बागेत राहू लागलं. साडेसहालाच नारळांची पहिली खेप धक्क्यावर यायची. पहिल्या आठवड्यात दोनदा सवयीने ते इंजिन घेऊन गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी कुरकुर करत का होईना, ठरलेले पैसे मोजले. सिवचंद आता दिवसाला दीड हजार नारळ सोलायचा, आणि तेही तीन वाजायच्या आत.

एका बुधवारी, आठवड्याच्या मधेच, तो अडीचलाच घरी आला. द्रुपती आंबे चिरत होती. "बरं नाही का?" तिने विचारलं.

"बरा आहे. संपलं काम."

दोघांनाही काय करावं ते सुचेना. मग द्रुपतीची बहीण आठवली. ती नदीच्या तोंडाशी राहायची, आणि कामाच्या दिवसांत तिच्याकडे जाणं कधी जमलंच नव्हतं. द्रुपतीने एक लोणच्याची बाटली घेतली, केस विंचरले आणि होडीत पुढे जाऊन बसली. सिवचंदने वल्हं हातात घेतलं. ओहोटी लागली होती, त्यामुळे फार वल्हवावंही लागत नव्हतं.

"हळू चालव," द्रुपती म्हणाली. "घाई कुठे आहे?"