ताईशी भांडायचा ट्रॉम्बोन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची थोरली बहीण गेल्या वर्षापासून ऐकेनाशी झाली. तसं त्याचं ती कधीच ऐकत नव्हती, पण आता कानांनीच संप पुकारला. फक्त जाड, खालचे आवाज पोचतील, असं डॉक्टर म्हणाले. ह्याचा आवाज तर जन्मजात किनरा. चाळीस वर्षं दोघं रोज सकाळी चहावर भांडत आली होती, ती आता मुकाट्याने चहा पिऊ लागली. पाटीवर लिहून पाहिलं, पण लिहीपर्यंत राग उतरायचा. घरातली शांतता त्याला खायला उठली.

"इथं माझ्याशी बोलतं कोण?" एके दिवशी ताई म्हणाली. "या महिनाअखेरीला मी लेकीकडे जाते, कायमची."

त्याच दिवशी जुन्या बाजारातून त्याने ट्रॉम्बोन, म्हणजे जाड, खालच्या आवाजाचं पितळी वाद्य, आणला आणि लिफ्टमध्ये कागद चिकटवला: 'ट्रॉम्बोनचा खाजगी शिक्षक पाहिजे. शिकवणी मजेची, वेळ सवडीची.'

पहिले गुरुजी म्हणाले, दोन वर्षं नुसता श्वास घ्यायचा. श्वास तो आधीपासूनच घेत होता, म्हणून त्याने हात जोडले. दुसऱ्या बाई वेळेच्या इतक्या पक्क्या, की तो तीन मिनिटं उशिरा पोचला तेव्हा त्याच्याशिवायच धडा चालू होता.

तिसरे मास्तर सातव्या मजल्यावरचे. त्यांच्याकडे सवडच सवड. "केव्हाही या. मी झोपलो असलो तरी शिकवतो," ते म्हणाले. फक्त खोली अरुंद होती. खालचा सूर काढायला ट्रॉम्बोनची सरकती नळी पूर्ण पुढे करावी लागे, आणि ती दारातून बाहेर जाई. एकदा शेजाऱ्याने किल्ली शोधताना भाजीची पिशवी तिलाच अडकवली आणि तो निघून गेला. संध्याकाळी पिशवी न्यायला येईपर्यंत हा सूर धरून बसला.

मग पिशव्या अडकवायला कोणी येऊ नये म्हणून शिकवणी लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये थांबून सुरू झाली. लिफ्ट अडकली म्हणून रखवालदार दुरुस्तीवाल्याला फोन करी. हा आतूनच सांगे, "काम चालू आहे."

"भांडायचंय ना? मग आधी टोमणा, मग तक्रार, शेवटी आदळआपट," मास्तर शिकवत. दोघंही पोट धरून हसत. महिनाभरात त्याला अख्खं भांडण वाजवता येऊ लागलं.

ताई निघायच्या दिवशी सकाळी त्याने हौसेने ट्रॉम्बोन पुसला आणि तीस वर्षांच्या सवयीने सरकत्या नळीला लिफ्टचं ग्रीस चोपडलं. घट्ट ग्रीसमध्ये नळी पूर्ण पुढे गेली ती तिथेच अडकली. ओढली, ठोकली, हलेना. टोमणा गेला, तक्रार गेली, राहिला एक सूर.

ताईची बॅग दाराशी होती. जावई खाली गाडी घेऊन उभा. ह्याने रडवेल्या तोंडाने गाल फुगवले.

भों.

ताईचा कप हातातच राहिला. तिने मान वळवली.

"एकच सूर?" ती म्हणाली. "लहानपणापासून तुझं हेच. एक धरलंस की सोडायचं नाही."

भों.

"उलट उत्तर देऊ नकोस. आणि चहात साखर जास्त झालीये, सहा महिने सांगेन म्हणते."

भों, भों.

"असं का? मग आता ऐकच," म्हणत ताईने खुर्ची पुढे ओढली. जावयाला वर बोलावून तिने बॅग आत ठेवायला लावली. भांडण अर्धवट टाकून जाणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.