माझ्या पोटातला बाबांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खरे तर आता संगणकाची नुसती पेटी उरली आहे. माळ्यावर, पाते तुटलेल्या टेबलफॅनच्या शेजारी माझा मुक्काम आहे. माझी डिस्क काढून नेली, ती परत आली नाही. ती का नेली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

एका लहानशा दुकानात माझी जुळणी झाली. या घरातले बाबा काउंटरवर कोपरे टेकून उभे होते. प्रत्येक भाग बसवताना ते विचारत, ‘हे कशासाठी?’ घरी काढलेले व्हिडिओ कापता-जोडता आले पाहिजेत, एवढीच त्यांची अट होती. त्या काळी मी चांगला तगडा गडी होतो.

बाबा बसस्थानकावर घोषणा करायचे. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय प्रवासी जागचे हलत नसत. घरी कॅमेरा हातात आला, की तोच आवाज घुमायचा. ताई पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हा ते मागून म्हणाले, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावं! ताईंची सायकल कुंपणाच्या दिशेनं रवाना होत आहे!’ सायकल खरोखरच कुंपणात शिरली आणि आई हसून हसून बेजार झाली. ते सगळे माझ्या पोटात जमा होत गेले. पाहुणे म्हणत, ‘हा संगणक आहे की सिनेमाचा कारखाना?’ तेव्हा माझा पंखासुद्धा ऐटीत फिरायचा.

पुढे मुले मोठी झाली. व्हिडिओही मोठे झाले, आणि मी मात्र होतो तेवढाच राहिलो. माझ्यावर कापड पडले, कापडावर धूळ पडली. मग एकदा बाबांचा घसा बसला. ‘सुटेल दोन दिवसांत,’ ते म्हणाले. तो सुटला नाही. घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला सांगितले. जीव वाचला, पण आवाज गेला. बाबा पाटीवर लिहून बोलू लागले.

तेव्हा कुठे घराला माझी आठवण झाली. ताईने ठरवले, की बाबांचा आवाज असलेले सगळे व्हिडिओ जोडून एक फिल्म करायची. तिने कापड बाजूला केले आणि कामाला लागली. मी जिवाचा आटापिटा केला. पण चित्र अडकायचे, आवाज पुढे पळायचा.

‘याच्यात आता दम नाही राहिला,’ ताई म्हणाली. ‘नवा घेऊ.’

माझ्याच पडद्यावर माझा वारसदार शोधणे सुरू झाले. ताईच्या धाकट्या भावाला हलका, पातळ लॅपटॉप हवा होता. ताई म्हणायची, ‘पातळ घेऊन काय करू? तासभर व्हिडिओ चालवला की तापून बसेल.’ मग रंग नीट दाखवणारा पडदा कोणता, यावर वाद. मग, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतेय, थोडे थांबू. आई वैतागून म्हणाली, ‘भाजी निवडायला मी इतका वेळ लावला असता ना, तर उपाशीच झोपला असतात!’

शेवटी त्यांनी संगणकाच्या दुकानातल्या बाईंना फोन लावला.

‘दिसण्यावर जाऊ नका,’ बाई म्हणाल्या. ‘व्हिडिओचं काम आहे ना? मग रॅम आणि ग्राफिक्स कार्ड चांगलं घ्या. आणि जुन्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलंत ना?’

‘उतरवू की,’ धाकटा म्हणाला. ‘नवा आला की एकदमच.’

माझी डिस्क तेव्हाच टकटकू लागली होती. मला ओरडता येत नव्हते. ती टकटक बाबांनी ऐकली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ कान दिला आणि पाटीवर लिहिले, ‘हा कण्हतोय. आधी कॉपी करा.’

‘बाबा, येतोच आहे हो नवा! आता घाईघाईत काही उडालं म्हणजे?’ धाकटा पाटीकडे ओझरते बघून म्हणाला.

आवाज असता तर बाबांनी ठणकावून सांगितले असते. त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

नवा संगणक आला. ताईने आम्हा दोघांमध्ये वायर जोडली. मी पहिली फाइल उचलली. आत काहीतरी खरवडल्यासारखे झाले आणि माझी डिस्क थांबली. ताईने मला बंद केले, चालू केले, पुन्हा बंद केले. कोणी कोणाला दोष दिला नाही.

डिस्क कारागिराकडे गेली. बऱ्याच दिवसांनी त्याने फोन केला. बहुतेक सगळे गेले होते. एकच तुकडा आवाजासकट निघाला. त्यात नुसती फरशी दिसते आणि बाबांचे पाऊल. आवाज येतो, ‘कॅमेरा चालू झाला का गं? लाल दिवा दिसत नाहीये. नाही झालेला. थांब, परत लावतो.’

नव्या यंत्रावर तो तुकडा जराही न अडकता चालला. ऐकताना बाबांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलले. मग ते उठून गॅलरीत गेले.

मित्रांनो, नवे यंत्र निवडायला हवा तेवढा वेळ घ्या. पण जुन्याच्या पोटात तुमचे माणूस असेल, तर आधी त्याला बाहेर काढा. त्याची एक प्रत इथे, एक प्रत तिथे ठेवा. आम्ही यंत्रे थकतो, आणि थकलो हे धड सांगूही शकत नाही.

ताई अजून कधीकधी तो तुकडा लावते. माळ्यापर्यंत ऐकू येतो. बाबा घरात असले, की मात्र लावत नाही.